एक दुष्काळ, पाच उत्तरं

हातातलं काम चालू राहू द्या. निवडणं-टिपणं होऊ द्या, वाती वळून होऊ द्या, कान तेवढे इकडं असू द्या.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्या गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले, सचिवताईंनी वही मिटली. टँकर यायचा होता, म्हणून कुणी उठेना. बाहेर रिकाम्या हंड्यांची रांग लागलेली. बोलता बोलता विषय निघाला की हा दुष्काळ पडतो तरी कशानं?

सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "माणसाचं पाप वाढलं, देव कोपला." दुसरी म्हणाली, "पाऊसच पडला नाही, त्याला कोण काय करणार?" तिसरी म्हणाली, "खाणारी तोंडं किती वाढलीत ते बघा की." चौथी तावातावानं म्हणाली, "सरकारला घ्यायचं ठाऊक, द्यायचं ठाऊक नाही." पाचवी कोपऱ्यात बसली होती. तिला शेत नाही, मजुरीवर घर चालतं. ती हळूच म्हणाली, "वाण्याच्या दुकानात ज्वारीची पोती आहेत की. मला काम नाही, म्हणून माझ्या घरात ज्वारी नाही."

मग टँकर आला आणि सगळ्या पळाल्या. माझ्या डोक्यातून मात्र ती पाच उत्तरं जाईनात. पुढं वाचत गेले तेव्हा कळलं की ही उत्तरं आपण आज तयार केलेली नाहीत. प्रत्येक उत्तराला वय आहे. ते कुणीतरी, कधीतरी, कुठल्या तरी अडचणीत मांडलेलं आहे. आज त्या उत्तरांचाच इतिहास तुम्हाला सांगणार आहे.

इतिहास म्हटलं की आपल्याला राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. पण काय झालं एवढं सांगून इतिहास संपत नाही. ते का झालं, हेही त्याला सांगावं लागतं. या 'का'च्या उत्तराची नीट मांडणी केली की तिला सिद्धांत म्हणतात. शब्द मोठा आहे, पण काम रोजचंच आहे. लेकराला ताप आला, तर तो कशानं आला हे डॉक्टर आधी ठरवतो आणि त्याप्रमाणं औषध देतो. कारण चुकलं की औषध चुकतं. दुष्काळाचंही तसंच आहे. कारण कोणतं मानलं, यावर लाखो माणसं जगली किंवा मेली आहेत.

पहिलं उत्तर देवाचं. आपल्या दख्खनच्या जुन्या आठवणीत एक दुर्गादेवीचा दुष्काळ आहे. तो १३९६ च्या सुमारास सुरू झाला आणि बारा वर्षं चालला, असं परंपरेनं सांगितलं जातं. नावातच त्याचं कारण आलं, देवीचा कोप. कारण कोप असेल तर उपाय काय? नवस, उपास, शांत. त्या काळच्या लोकांना हसू नका. आभाळ कधी भरेल हे कळायचं दुसरं साधन त्यांच्यापाशी नव्हतं.

पण त्याच लोकांनी आणखी एक गोष्ट जपून ठेवली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. दुष्काळात लोक अन्नावाचून मरत होते आणि बादशहाचं कोठार भरलेलं होतं. दामाजीपंतांनी कोठार उघडून धान्य वाटलं. बादशहा रागावला, तेव्हा विठोबा विठू महाराच्या रूपानं बेदरला गेला आणि सगळी रक्कम भरून आला, अशी ती कथा. कीर्तनात आपण ती भक्तीची म्हणून ऐकतो, आणि ती भक्तीची आहेच. पण आत काय सांगितलंय ते बघा. धान्य होतं, कुलपात होतं. भुकेल्याचा त्यावर हक्क नव्हता. आमच्या पाचव्या मैत्रिणीचं उत्तर या कथेत कधीचं येऊन बसलंय.

तुकाराम महाराजांच्या तरुणपणी १६३० च्या सुमाराला असाच भयंकर दुष्काळ पडला. घरी दुकान होतं, महाजनकी होती, तरी व्यापार बुडाला. त्यांची थोरली पत्नी रखुमाबाई त्या दुष्काळात अन्नावाचून गेली. पुढं महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. देवाचा एवढा मोठा भक्त, पण लोकांच्या डोक्यावरचं कर्ज देवानं नव्हे, माणसानं घातलं आहे, हे त्यांना दिसत होतं.

आता दुसरं आणि तिसरं उत्तर. पाऊस पडला नाही, आणि माणसं फार झाली. ही दोन्ही हातात हात घालून इंग्रजांच्या राज्यात कारभारात शिरली. इंग्लंडात माल्थस नावाचे एक पाद्री होते. १७९८ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून मांडलं की माणसं वेगानं वाढतात, अन्न त्या वेगानं वाढत नाही, म्हणून भूक आणि रोगराई माणसांची संख्या आवरतात. हे माल्थस पुढं ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी इथल्या कॉलेजात शिक्षक झाले. हिंदुस्थानात येणारे साहेब तिथं शिकत. म्हणजे सिद्धांत जहाजात बसून आपल्याकडं आला. त्याच्या जोडीला ॲडम स्मिथ यांचं म्हणणं होतं की धान्याच्या व्यापारात सरकारनं हात घालू नये.

१८७६ ते १८७८ हा काळ. दख्खन आणि मद्रासकडं पाऊस गेला. व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. त्याच वेळी इकडं माणसं खडी फोडायच्या कामावर रांगा लावत होती. देशाबाहेर धान्य जातच होतं.

रिचर्ड टेंपल नावाच्या साहेबाची कहाणी यात फार बोलकी आहे. तीन वर्षं आधी, १८७४ मध्ये, बिहारमध्ये पीक गेलं तेव्हा याच टेंपलनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि फार थोडी माणसं दगावली. कौतुक होण्याऐवजी वरून बोलणी बसली, की एवढा खर्च कशाला केला? मग १८७७ मध्ये तेच टेंपल काटकसरीचे झाले. कामावरच्या पुरुषाला एक पौंड धान्याच्या किमतीएवढे पैसे आणि वर एक आणा, अशी मजुरी त्यांनी ठरवली. पौंड म्हणजे आपलं साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. बाईला त्याहून कमी. दिवसभर दगड फोडून एवढ्यावर जगायचं. साहेब एकच होता, पण त्याच्या हातातला सिद्धांत बदलला. त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखातच पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली.

इथं एक गोष्ट घडली, ती शाळेच्या पुस्तकात क्वचित सापडते. मजुरी कापल्यावर मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी काम सोडलं. भुकेल्या माणसांनी संप केला. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली, सरकारला अर्जांवर अर्ज लिहिले. त्याच सुमाराला, २० एप्रिल १८७७ ला, जुन्नरजवळच्या ओतूरहून सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. माणसं गाव सोडून चालली आहेत, जनावरं मरताहेत, सावकार अडलेल्यांना नाडताहेत, असं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं त्यात आहे. सरकारी अहवालात पाऊस किती इंच कमी झाला ते होतं. सावित्रीबाईंच्या पत्रात अडलेल्याच्या दारात कोण उभं राहिलं ते होतं. एकच दुष्काळ, पण बघणारा बदलला की दिसणारं बदलतं.

एवढी माणसं गेल्यावर सरकारला प्रश्न टाळता येईना. चौकशी आयोग नेमला. त्यानं १८८० मध्ये अहवाल दिला. त्यातलं एक निरीक्षण महत्त्वाचं होतं. पाऊस गेला की आधी शेतातली कामं थांबतात, आणि मजुरीवर जगणारे सगळ्यात पहिल्यांदा उपाशी पडतात, म्हणून त्यांना काम द्यायला हवं. यातूनच दुष्काळी कामांचे नियम तयार झाले. साहेबांचं मन वितळलं म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. जुन्या सिद्धांतानं माणसं वाचत नाहीत, हे झाकता येईना, म्हणून झालं.

आता चौथं उत्तर, सरकार. दादाभाई नौरोजींनी हिशेब मांडला. अगदी आपण गटाच्या वहीत मांडतो तसा, जमा किती आणि खर्च किती. १८६७ ते १८७० या काळात हिंदुस्थानातल्या माणसाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न वीस रुपये निघालं. मग त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च काढला. तो त्याहून जास्त होता! म्हणजे मोकळा शेतकरी कैद्यापेक्षा गरीब. देशातली संपत्ती दर वर्षी बाहेर वाहून जाते, म्हणून एक पाऊस चुकला तरी माणूस कोलमडतो, असं त्यांनी मांडलं. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यांनी बोट नुसतं इंग्रजांकडं नाही दाखवलं. गावातला कुलकर्णी, कचेरीतला कामगार, सावकार, धर्माच्या नावानं घेतली जाणारी दक्षिणा, सगळ्यांचा हिशेब मांडला. १९०० मध्ये रमेशचंद्र दत्तांनी लॉर्ड कर्झनला जाहीर पत्रं लिहिली, की शेतसारा जड आहे, म्हणून शेतकऱ्यापाशी वाईट वर्षासाठी काही उरत नाही. कर्झन सरकारनं १९०२ मध्ये उत्तर दिलं की सारा नाही, पाऊस हेच कारण. बघा, दुसरं आणि चौथं उत्तर एकमेकांशी भांडताहेत. आमच्या बैठकीत झालं तसंच!

राहिलं पाचवं उत्तर, कोपऱ्यातल्या मैत्रिणीचं. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला. लढाईचे दिवस होते. तांदळाचे भाव आभाळाला भिडले. सुमारे तीस लाख माणसं गेली, असा अंदाज सांगितला जातो. तेव्हा शांतिनिकेतनात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा दारावरून जाणारे भुकेले लोक बघत होता. त्यांचं नाव अमर्त्य सेन. मोठेपणी ते अर्थशास्त्रज्ञ झाले. १९८१ मध्ये त्यांनी गरिबी आणि दुष्काळ यांवर पुस्तक लिहिलं. जुने आकडे तपासून ते म्हणाले की १९४३ मध्ये बंगालात मिळू शकणारं धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, आणि १९४१ मध्ये तर दुष्काळ नव्हता. मग मेलं कोण? शेतमजूर, कोळी, नावाडी, छोटे कारागीर. ज्यांची मजुरी भावांच्या मागं राहिली, ते. धान्य असणं वेगळं आणि ते मिळवायची ताकद असणं वेगळं, असा हा सिद्धांत आहे. काही अभ्यासकांनी त्यांचे आकडे मान्य केले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी भातावर रोग पडला होता, हेही त्यांनी पुढं आणलं. ही चर्चा चालूच आहे, आणि ती चालूच राहायला हवी. पण तेव्हापासून कुठं भूक पडली की धान्य किती आहे, याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला जातो, ते कुणाला परवडत नाही?

आता आपल्या घराजवळ या. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या कित्येक आज्यांनी भोगलाय. मिलो आठवते? ती लाल ज्वारी, बाहेरून आलेली. सुकडी आठवते? मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास, म्हणजे दहा जणांमागं एक. त्यात बाया किती होत्या ते तुम्हाला मी सांगायला नको. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, सगळीकडं पाट्या वाहणारे हात बायांचे होते. पीक जवळजवळ बुडालं होतं, हाल फार झाले, पण १८७७ सारखी माणसं मेली नाहीत. काम मिळालं, मजुरी मिळाली, म्हणून व्यापाऱ्याकडचं आणि रेशनचं धान्य घरात आलं.

आता तारखा लावून बघा. काम झालं १९७२-७३ मध्ये. सेन यांचं पुस्तक आलं १९८१ मध्ये. पुढं सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी भुकेवर लिहिताना महाराष्ट्राचा हा दाखला दिला. म्हणजे खडी आधी फुटली, पुस्तक नंतर आलं. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती, लोकांनी मोर्चे काढून काम मागितलं होतं, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क झाला. २००५ मध्ये देशासाठीही कायदा झाला. सिद्धांत फक्त विद्वानांच्या टेबलावर तयार होतात असं समजू नका. पाटी वाहणाऱ्या बाईच्या जगण्यातून तो तयार होतो, विद्वान त्याला नाव देतात.

त्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. त्यांनी हाच प्रश्न पाण्याला विचारला. पाणी किती आहे, यापेक्षा ते कुणाच्या वाट्याला येतं? तिथं पाणी जमिनीच्या मापानं न देता घरातल्या माणसांच्या मापानं द्यायचं ठरलं. भूमिहीनांनाही वाटा. उसाला पाणी नाही. पाऊस तेवढाच होता. वाटणीचा विचार बदलला.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपला आहे. या सगळ्या मोठ्या माणसांनी बहुतेक वेळा 'कुटुंब' असा एकच शब्द वापरला. कुटुंबाला धान्य मिळालं की झालं. पण घरात शिरल्यावर ताटं वेगवेगळी असतात. आधी कोण जेवलं? उरलंसुरलं कुणी खाल्लं? पहिल्यांदा मोडलं ते कुणाचं डोरलं? शाळा कुणाची सुटली? पंडिता रमाबाईंनी स्वतःच्या तरुणपणी दुष्काळाच्या काळात भटकंतीत आई-वडील आणि बहीण गमावली. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायांना वाचवून घेऊन आल्या. भुकेबरोबर मुलींवर आणखी कोणती संकटं येतात, हे त्यांनी लिहून ठेवलं. पाऊस मोजणाऱ्याला ते दिसलं नव्हतं.

मात्र इथं एक सावधगिरी सांगते. आपल्याला वाटेल, बाया शेवटी जेवतात म्हणजे दुष्काळात बायाच जास्त मेल्या असणार. पण जुन्या मोठ्या दुष्काळांतल्या मृत्यूच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा पुरुषांचे मृत्यू जास्त वाढलेले आढळले. मी हे वाचलं तेव्हा मला पटेना. पण नोंद आपल्या मताविरुद्ध गेली, म्हणून ती फेकून द्यायची नसते. बायांच्या वाट्याला भोग आले नाहीत, असा याचा अर्थ नाही. ते भोग मृत्यूच्या आकड्यात न दिसता दुसरीकडं असतात. मोडलेल्या दागिन्यात, लांबच्या पाण्यात, घाईनं उरकलेल्या लग्नात. दुसऱ्याचा सिद्धांत आपण तपासतो, तसा आपलाही तपासायचा.

तर मैत्रिणींनो, पाच उत्तरांची ही कहाणी ऐकून काय ध्यानात आलं? नवं उत्तर तेव्हा येतं, जेव्हा जुन्या उत्तरानं कुणाचं तरी भागत नाही, आणि ज्याचं भागत नाही तो बोलायला लागतो. मग नव्या नोंदी शोधल्या जातात. दादाभाईंनी तुरुंगाचा खर्च शोधला, सेन यांनी तांदळाचे जुने आकडे काढले. आणि जुनं उत्तर पुरतं मरत नाही. पाऊस हे कारण आजही खरंच आहे, पण ते एकटं पुरत नाही. एकाच बैठकीत कित्येक शतकांची उत्तरं शेजारी शेजारी बसलेली असतात, ती अशी.

आमच्या गटात पुढं काय झालं ते सांगते. पुढच्या बैठकीला मी हे सगळं सांगितलं. थोरल्या आजी ऐकत होत्या. म्हणाल्या, "देव कोपला असेल नसेल, पण बहात्तर साली तळ्यावर माती मी वाहिलीय. तिथल्या दगडावर साहेबाचं नाव आहे." कुणी काही बोललं नाही. मग सचिवताईंनी वही परत उघडली आणि मागच्या कोऱ्या पानावर आजींचं म्हणणं लिहून घेतलं. कोणतं काम, किती दिवस, मजुरी किती, लेकरू कुठं झोपवलं होतं. त्याच दिवशी कोपऱ्यातल्या मैत्रिणीसाठी आणि आणखी चौघींसाठी काम मागणीचे अर्ज भरले, आणि ग्रामपंचायतीतून तारखेसह पोच घेतली. काम लगेच मिळालं नाही, दोन खेपा घालाव्या लागल्या. पण कागद हातात होता.

तुमच्या गावातही बहात्तर बघितलेल्या आज्या आता थोड्याच उरल्या असतील. पुढच्या बैठकीत त्यांना मानानं मध्ये बसवा. चार प्रश्न विचारा. तेव्हा काम कुठं केलं? मजुरी काय मिळाली? घरात काय शिजायचं? आणि शेवटी कोण जेवायचं? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. दोघींच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही लिहा. कुणाची खोडू नका. उद्या कुणी दुष्काळाचं सहावं उत्तर मांडायला बसेल, तेव्हा त्याला तुमची वही लागणार आहे.

येते मी. टँकरची वेळ झाली असेल, तुम्हीही निघा. नमस्कार.